शरद सरताना बागेची आवराआवर : काय काढावे, काय राखावे

शरद ऋतू संपत आला की घरच्या बागेत दोन गोष्टी एकाच वेळी समोर येतात. एकीकडे शेवंती, ॲस्टर आणि डेलिया यांचा वर्षातला शेवटचा बहर उभा असतो आणि दुसरीकडे वाळलेल्या काड्या, लोळलेली पाने व रिकामे वाफे आवरायची घाई मनात सुरू होते. नवख्या माणसाचा कल साहजिकच सगळे एकदम साफ करण्याकडे असतो. एक सुट्टी काढावी, जे तपकिरी दिसते ते जमिनीलगत कापावे, पाला गोळा करून टाकून द्यावा आणि मोकळे व्हावे, असे वाटते. मात्र या दिवसांत जे वाळलेले दिसते त्यातले बरेचसे जिवंत असते, आणि जे हिरवे दिसते त्यातले काही आजच काढले नाही तर पुढच्या वर्षी रोग घेऊन उभे राहते. म्हणून ही आवराआवर एका दिवसात उरकण्याऐवजी पाच-सहा आठवड्यांत, झाडाझाडाचा कल पाहून करावी. उत्तर गोलार्धात हा काळ साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत येतो, तर दक्षिण गोलार्धात एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत.

पहिले काम : कात्री न घेता एक फेरी

पहिल्या दिवशी हातात फक्त वही आणि पेन्सिल घ्यावी. कोणते झाड अजून फुलात आहे, कोणाच्या पानांवर डाग आहेत, कोणती कुंडी भेगाळली आहे आणि कोणत्या वाफ्यात पाणी साचते, हे लिहून ठेवावे. डेलिया, ग्लॅडिओलस आणि कर्दळ यांचे रंग व उंची आताच चिठ्ठीवर लिहून झाडाला बांधावी, कारण पाने गेल्यावर सगळे कंद सारखेच दिसतात आणि पुढच्या हंगामात लालच्या जागी पांढरे फूल उगवल्यावर हळहळण्यापलीकडे काही उरत नाही. चिठ्ठी पेन्सिलने लिहावी, कारण शाई ओल धरली की पसरते आणि उन्हाने विटते, तर पेन्सिलीचे अक्षर टिकते.

याच सुमारास रात्रीच्या तापमानाकडे लक्ष ठेवायला लागावे. हवामानाच्या अंदाजात सांगितलेले तापमान जमिनीपासून माणसाच्या उंचीच्या आसपास मोजलेले असते, आणि निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा त्याहून बरीच थंड होते. त्यामुळे अंदाज ३-४ अंश सेल्सिअसचा असला तरी वाफ्यातले दव गोठू शकते. कुंडीतली उष्ण प्रदेशातली झाडे मात्र याच्या कितीतरी आधी, रात्रीचा पारा १० अंशांच्या खाली उतरू लागताच घरात घ्यावीत. आत आणण्यापूर्वी पानांची मागची बाजू आणि देठांचे बेचके नीट तपासावेत, मावा किंवा पिठ्या ढेकूण दिसल्यास धुऊन काढावेत आणि पहिले दोन आठवडे ती कुंडी घरातल्या इतर झाडांपासून दूर ठेवावी.

शेवटचा बहर लांबवणे

शेवंती याच दिवसांत का फुलते, हे समजून घेतले की तिची काळजी आपोआप नीट घेतली जाते. वॉशिंग्टनजवळ काम करणाऱ्या गार्नर आणि ॲलार्ड या दोघा संशोधकांनी १९२० साली दाखवून दिले की अनेक वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. पुढे असेही स्पष्ट झाले की अशा झाडांसाठी निर्णायक असतो तो रात्रीचा सलग अंधार. शेवंती याच गटातली आहे. रात्र लांबली की तिला कळ्या लागतात, आणि हा अंधार मध्येच दिव्याने तुटला तर कळ्या लांबणीवर पडतात. कुंडी रात्रभर जळणाऱ्या व्हरांड्याच्या दिव्याखाली असेल आणि शेवंती नुसतीच पानांनी भरत असेल, तर खत बदलण्याआधी जागा बदलून पाहावी.

सुकलेली फुले नियमित खुडल्याने शेवंती, डेलिया, झेंडू आणि कॉसमॉस यांचा बहर लांबतो, कारण बी धरण्याकडे जाणारी शक्ती नव्या कळ्यांकडे वळते. डेलियाच्या बाबतीत मात्र नवखे हमखास फसतात, कारण पाकळ्या गळून मिटलेले फूल आणि न उमललेली कळी लांबून सारखीच दिसतात. जवळ जाऊन पाहावे. कळी शर्टाच्या बटणासारखी गोल आणि चपटी असते व बोटाला घट्ट लागते, तर सरलेले फूल शंकूसारखे टोकदार होते आणि दाबले तर ओलसर, मऊ लागते. टोकदार दिसेल ते काढावे आणि गोल दिसेल ते ठेवावे. फूल खुडताना नुसती मान न तोडता देठ खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापावा.

पहिली गोठवणारी रात्र येणार असे दिसले तर दुपारीच वाफ्याला पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक उष्णता साठवते आणि ती रात्री हळूहळू सोडते. संध्याकाळी झाडांवर जुनी चादर किंवा जुने सुती कापड असे पांघरावे की कडा जमिनीला टेकतील, कारण जमिनीतून वर येणारी ऊब अडवणे हाच या पांघरुणाचा उपयोग आहे. नुसते प्लॅस्टिक टाकू नये. ते पानांना जिथे चिकटते तिथे पान गोठते. सकाळी ऊन वर आले की कापड काढून घ्यावे. अशी एखादी रात्र निभावली की पुढे पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांची उघडीप मिळते आणि तेवढ्या दिवसांत सगळी डेलिया फुलून जाते, म्हणून हा खटाटोप करावाच, असे माझे मत आहे. नत्रयुक्त खत मात्र आता देऊ नये, कारण त्यामुळे कोवळे धुमारे फुटतात आणि थंडीत आधी तेच करपतात.

शरदात फुलणाऱ्या कंदांविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. जांभळे केशर आणि तसेच दिसणारे कोल्चिकम ही दोन्ही फुले याच दिवसांत जमिनीतून वर येतात. कोल्चिकमचे तर फुलाच्या वेळी एकही पान नसते, पाने पुढच्या वसंतात येतात. त्याचा प्रत्येक भाग विषारी आहे. फूल उघडून आतले पुंकेसर मोजावेत : केशराला तीन असतात आणि कोल्चिकमला सहा. लहान मुले किंवा पाळीव प्राणी असलेल्या घरी ही ओळख पक्की झाल्याशिवाय त्या फुलांना कोणाला हात लावू देऊ नये.

आधी रोगट, मग बाकीचे

कापणीची सुरुवात रोगट भागापासून करावी, कारण या एका कामात दिरंगाई परवडत नाही. गुलाबाच्या पानांवर पडणारे काळे ठिपके बुरशीचे असतात. ही बुरशी गळलेल्या पानांवर आणि फांद्यांवर थंडी काढते आणि वसंतात पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर नव्या पानांवर चढते. म्हणून गुलाबाखालची ठिपकेवाली पाने एकेक करून वेचावीत. भुरीने पांढरट झालेल्या ॲस्टरच्या काड्या, करपा आलेली टोमॅटोची झाडे, झाडावरच सुरकुतून राहिलेली सडकी फळे हे सगळे याच फेरीत काढावे.

हा पाला घरच्या कंपोस्टात टाकू नये. बुरशीचे बीजाणू आणि तणांचे बी मरण्यासाठी ढिगाचे तापमान काही दिवस सलग ५५ अंशांच्या वर राहावे लागते, आणि घरच्या लहान ढिगात, त्यातही थंडीत, ते तसे राहत नाही. असा पाला पिशवीत बांधून बागेबाहेर घालवावा. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना कात्रीचे पाते ७० टक्के अल्कोहोलच्या फडक्याने पुसावे.

हिरव्या पानाला घाई नाही

रोगट भाग निघाला की थांबावे. पान पिवळे पडते तेव्हा ते नुसते मरत नसते. त्यातले हरितद्रव्य मोडले जाते आणि नत्र व स्फुरद यांचा मोठा वाटा, पुष्कळ झाडांत निम्म्याच्या आसपास, गळण्याआधी खोडात आणि मुळांत परत ओढून घेतला जातो. पुढच्या वसंतातली पहिली पालवी याच साठ्यावर येते. हिरवी पाने कापली की हा साठा आपण आपल्या हाताने पाटीत भरून बाहेर टाकतो.

वेळ झाली की नाही हे ठरवण्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. देठाशी चिमटीत धरून पान हलकेच ओढावे. ते न तुटता सहज हातात आले आणि फांदीवर कोरडा, गुळगुळीत व्रण दिसला, तर झाडाचे काम संपले आहे, कारण गळण्याआधी झाड त्या जागी बुचासारखा थर तयार करून जखम बंद करते. पान ताणले जाऊन साल सोलली गेली आणि ओले तंतू दिसले, तर अजून आठवडाभर त्या झाडाकडे जाऊ नये. डे-लिलीसारख्या जमिनीतूनच पाने काढणाऱ्या झाडांसाठीही हेच माप चालते : पिवळे पान ओढताच सुटले तर काढावे.

त्यानंतरही सगळे कापायचे नाही. सूर्यफूल, रुडबेकिया आणि एकिनेशिया यांच्या वाळलेल्या बोंडांतले बी पक्षी टिपतात. पोकळ काड्यांत एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची पिल्ले थंडी काढतात आणि उन्हाळाभर मावा खाणारे चित्रांग भुंगेरे, म्हणजे लेडीबर्ड, पाल्याखाली गठ्ठ्याने निजलेले असतात. निरोगी काड्या उभ्याच ठेवाव्यात. वसंतात दिवसाचा पारा स्थिरपणे १० अंशांच्या वर जाऊ लागला की त्या जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर कापाव्यात. खाली उरलेले खुंट पुढच्या पिढीच्या मधमाश्यांना घर म्हणून उपयोगी पडतात. पाहुण्यांना बाग अस्ताव्यस्त वाटेल अशी चिंता असेल, तर वाटेच्या कडेचा हातभर पट्टा नीट कापून घ्यावा. कडा रेखीव असली की आतले वाळके उभे गवतही जाणूनबुजून राखलेले आहे, हे पाहणाऱ्याला कळते.

शेवंतीच्या बाबतीत तर काड्या ठेवण्याला आणखी एक कारण आहे. बहर सरल्यावर तपकिरी काड्या बाजूला सारून बुंध्याशी पाहावे. मातीला चिकटून बोटाच्या पेराएवढे हिरवे फुटवे आलेले दिसतील. तीच पुढच्या वर्षीची शेवंती असते. वरच्या वाळल्या काड्या त्या फुटव्यांवर पाला अडवून धरतात आणि थंड वारा थेट लागू देत नाहीत.

कंद आणि गड्डे काढणे

जिथे जमीन गोठते किंवा हिवाळाभर चिखल राहतो, तिथे डेलियाचे गड्डे काढून ठेवावे लागतात. पहिल्या कडक थंडीने पाने काळी पडली की खोड १०-१५ सेंटीमीटर ठेवून वरचे कापावे. मग बुंध्यापासून फूटभर अंतरावर चारही बाजूंनी फावडे घालून माती सैल करावी आणि सगळा गड्डा खालून उचलावा. खोड धरून उपटू नये. डेलियाच्या गड्ड्यांना बारीक मान असते आणि फुटवा येणारा डोळा या मानेच्या वर, खोडाला लागून असतो. मान मोडली की खालचा गड्डा कितीही टपोरा असला तरी त्याला कोंब येत नाही. ही गोष्ट एकदा हातात धरून नीट पाहून घ्यावी, कारण डेलियाच्या साठवणुकीतले अर्धे नुकसान या एका मानेपाशी होते.

खोड पोकळ असल्याने त्यात पाणी साचते आणि तिथूनच सड सुरू होते, म्हणून काढलेले गड्डे दोन-तीन दिवस सावलीत उलटे ठेवून पाणी निथळू द्यावे. नंतर माती झटकून ते किंचित ओलसर भुशात किंवा कोकोपीटमध्ये, एकमेकांना न टेकवता, खोक्यात ठेवावेत. जागा अंधारी आणि ४ ते १० अंशांच्या दरम्यान असावी. खोक्यात चिठ्ठीही ठेवावी.

ग्लॅडिओलसचे कंद पाने पिवळी पडल्यावर काढावेत, हवेशीर जागी दोन-तीन आठवडे वाळवावेत आणि मग खाली चिकटलेला जुना, चिपाड झालेला कंद हाताने पिरगळून टाकून द्यावा. कर्दळीचे गड्डे डेलियासारखेच ठेवावेत, फक्त ते फार कोरडे पडू देऊ नयेत.

पाला

गळलेला पाला हे या ऋतूतले सर्वांत मोठे धन आहे. हिरवळीवर मात्र तो जाड थराने राहू देऊ नये, कारण ओल्या पाल्याखाली गवत पिवळे पडून कुजते. दाताळ्याने ओढून तो वाफ्यांत आणि झुडपांखाली पसरावा. थर पातळ असेल तर गवत कापायचे यंत्रच त्यावरून फिरवावे, म्हणजे बारीक चुरा जागीच मुरतो.

उरलेल्या पाल्याचे पानकुजीचे खत करावे. जाळीचा मीटरभर रुंद आणि तितकाच उंच गोल पिंजरा उभारून त्यात पाला ओला करून दाबून भरला की एवढेच काम पुरते. हे कुजणे मुख्यतः बुरशीमुळे होते, म्हणून ते थंड आणि संथ असते. एक ते दोन वर्षांनी काळसर, भुसभुशीत, जंगलासारख्या वासाची माती तयार होते. घाई असेल तर पाला कंपोस्टात घालावा, पण नुसत्या पाल्यात कर्ब फार आणि नत्र कमी असते. ढीग चांगला चालण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण २५-३० ला १ च्या आसपास लागते. ते गाठण्यासाठी पाल्याच्या थरांमध्ये ताजे गवत, निरोगी हिरवी छाटणी किंवा शेण मिसळावे.

छाटणीचा मोह

कात्री हातात असली की झुडपांवरही हात फिरतो, आणि इथेच मी स्वतः एका वर्षी मोठी चूक केली. मोठ्या गोल गुच्छांच्या हायड्रेंजियाची वाळकी फुले नीटनेटकी दिसावीत म्हणून मी सगळ्या फांद्या गुडघ्याएवढ्या कापल्या. वसंतात झुडूप पानांनी डवरले, पण उन्हाळाभर त्याला एक गुच्छ आला नाही, कारण या जातीच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या शरदातच फांदीच्या टोकांशी बसलेल्या असतात. लायलॅक, फोर्सिथिया आणि वसंतात फुलणारी बहुतेक झुडपे याच स्वभावाची असतात, म्हणून ती फुलून झाल्यावरच छाटावीत. आता फक्त मोडलेली, मेलेली आणि एकमेकींवर घासणारी फांदी काढावी. गुलाबाच्या फार उंच गेलेल्या फांद्या वाऱ्याने झुलून मुळे हलवतात, तेव्हा त्या तिसऱ्या हिश्शाने कमी कराव्यात आणि खरी छाटणी हिवाळा सरत आल्यावर करावी.

माती, आच्छादन आणि नवे कंद

रिकाम्या वाफ्यातले तण बी धरण्याआधी मुळासकट काढावे आणि वर दोन बोटे जाडीचे कंपोस्ट पसरून ठेवावे. ते खणून मिसळण्याची गरज नाही, गांडुळे ते काम करतात. ट्यूलिप आणि डॅफोडिल यांचे कंद लावायची वेळही हीच आहे. कंदाच्या उंचीच्या दुप्पट-तिप्पट खोल आणि टोक वर करून ते लावावेत. ट्यूलिपला फुलण्यापूर्वी तीन-चार महिने थंडी लागते. जिथे जमीन तेवढी गार होत नाही तिथे कंद फ्रीजमध्ये ठेवतात, पण त्याच कप्प्यात पिकणारी फळे असू नयेत, कारण फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने कंदातली कोवळी कळी मरते.

आच्छादन शेवटी घालावे. त्याचे मुख्य काम ऊब देणे हे नसून मातीचे तापमान स्थिर ठेवणे हे आहे. रात्री गोठणारी आणि दुपारी सैलावणारी माती फुगते-आकसते आणि नव्या रोपांना मुळांसकट वर ढकलते. म्हणून माती पुरती थंड झाल्यावर ५ ते १० सेंटीमीटर पाला किंवा पेंढा पसरावा आणि खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी सोडावी. खोडाला टेकलेल्या ओल्या थराने साल कुजते. सदाहरित झाडांना जमीन गोठण्यापूर्वी एकदा खोलवर पाणी द्यावे, कारण त्यांच्या पानांतून हिवाळ्यातही पाणी उडत राहते.

जिथे दव कधीच गोठत नाही तिथे आच्छादन, पांघरूण आणि कंद काढणे ही कामे बरीचशी गळतात, आणि हाच काळ नव्या पेरणीचाही ठरतो. रोगट पाला वेचणे, बी गोळा करणे आणि पानकूज भरणे मात्र तिथेही तसेच करावे.

कुंड्या, पाइप आणि अवजारे

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे ओल्या मातीने भरलेली मातीची कुंडी थंडीत तडकते. अशा कुंड्या रिकाम्या करून, धुऊन, पालथ्या घालून आडोशाला ठेवाव्यात. पाण्याचा पाइप निथळून गुंडाळावा. खुरपे आणि फावडे घासून, कोरडे करून त्यांवर जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. तेल पुसलेली चिंधी गोळा करून ठेवू नये, ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी उघड्यावर पसरून वाळवावी.

झेंडू आणि कॉसमॉस यांचे बी कोरड्या दुपारी काढावे, आठवडाभर कागदावर वाळवावे आणि जात व वर्ष लिहिलेल्या कागदी पाकिटात भरावे. संकरित जातींच्या बियांतून आईसारखीच रोपे येतील असे नाही, म्हणून साध्या जातींचे बी निवडावे.

यानंतर हिवाळाभर एकच काम उरते. महिन्यातून एकदा डेलियाचे खोके उघडून प्रत्येक गड्डा बोटांनी दाबून पाहावा. मऊ पडलेला भाग कोरड्या, घट्ट गरापर्यंत कापून टाकावा आणि सड मानेपर्यंत गेली असेल तर तो गड्डाच काढावा. जो सुरकुतला असेल त्याच्याभोवतीच्या भुशावर पाण्याचा हलका शिपका मारावा आणि खोके पुन्हा अंधारात सरकवावे.